पांढरीच्या खाणीत

टेकाड बसलं तेव्हा मोठा आवाज झाला नाही. गावात अजून सांगतात की तोफेसारखा आवाज झाला. मी पाच पावलांवर उभी होते. भरलेलं पोतं खाली टाकावं तसा एक थप्प आवाज आला, आणि मग नुसती धूळ. धूळ खाली बसली तेव्हा समोरच्या दोन खाणी नव्हत्या. जिथं माझी धाकटी जाऊ बसून माती खरडत होती, तिथं छातीएवढा ढीग होता आणि त्याच्या कडेला तिची पाटी उपडी पडली होती. शेजारच्या खाणीत गावातली एक विधवा म्हातारी होती. तिचं तर काहीच दिसत नव्हतं.

मी ओरडले नाही. बाकीच्या बायका ओरडल्या. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हे मला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी माझ्या मुलीनं मला सांगितलं होतं, आणि इतरांना सांगायचं काम माझ्यावर सोपवलं होतं.

ते टेकाड म्हणजे आमच्या गावची जुनी पांढर. पूर्वी कधीतरी तिथं वस्ती होती. घरं पडली, त्यावर परत घरं झाली, तीही पडली, असं होऊन ती जागा उंच झाली. आमच्याकडची घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. लाकडावर माती, आणि सगळ्यात वर ह्या पांढरीची माती. ती नीट पसरली की पाणी आत येत नाही. दर उन्हाळ्यात बायका पाट्या घेऊन टेकाडाला जात आणि कडेला भोक पाडून माती काढत. प्रत्येक घराची खाण ठरलेली. सासूची खाण सुनेला मिळायची. गावातल्या बायकांच्या खाणी वरच्या अंगाला, आमच्या बौद्ध वस्तीच्या खालच्या अंगाला. मधे फक्त त्या म्हातारीची खाण आमच्या जाऊच्या खाणीला लागून होती, आणि दोघी खणता खणता आतून एकमेकींशी बोलायच्या.

चांगली माती तळाला असते. वरच्या मातीत राख आणि खापरं. तळाची चिकट, लोण्यासारखी. म्हणून कोणीच वरून खणत नसे. सगळ्या बसून खालीच आत आत शिरायच्या. पांढर आपल्या गावच्या लेकीसुनांना काही करत नाही असं सगळ्या मानायच्या. वरच्या अंगाच्या बायका खणायच्या आधी कुंकू लावायच्या. आम्ही लावत नव्हतो, पण मानत आम्हीही तेच होतो.

माझ्या मुलीला हे पहिल्यापासून पटत नव्हतं. ती औरंगाबादला विद्यापीठात शिकत होती. विषय कुठला, तर जुन्या वस्त्या खणून काढायच्या. मला नीट सांगता यायचं नाही. मी चौथी शिकलेली. कोणी विचारलं की मी म्हणायचे, खापरं शिकती. लोक हसायचे. नर्स झाली असती, मास्तरीण झाली असती, खापरांचं काय करणार? मलाही तेच वाटायचं. एकदा ती खणायच्या कामावरून घरी आली तर हात भेगाळलेले, नाकाचं कातडं सोललेलं. दोन महिने उन्हात बसून किती खणलं, विचारलं. म्हणाली, "आमच्या चौकोनात दीड हात गेलो खाली."

"दीड हात? तेवढं मी एका सकाळी काढते."

"म्हणून तर वाईट वाटतं, माय. तुझ्या एका सकाळीत दोन-दोनशे वर्षं जातात."

मी म्हणाले, "जाऊ दे. आपल्याला काय करायचीत?"

त्या साली दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरी कोरड्या. पाणी टँकरचं, तेही एक दिवसाआड. पुरुषमाणसं तलावाच्या कामावर माती टाकायला. गावात दूध सोसायटी होती. म्हशी आटल्या होत्या, माझी एक म्हैस सकाळी शेरभर द्यायची. पण सोसायटीमुळं जनावरांची पेंड मिळत होती, आणि पेंड होती म्हणून म्हशी उभ्या होत्या. ती पोती एका जुन्या माळवदाच्या खोलीत ठेवलेली. दोन वर्षं पाऊसच नाही, तर माळवदावर माती कोण टाकणार? ते वाळून तडकलं. चैत्रात वळवाची एकच सर आली आणि पेंडीची सात-आठ पोती भिजून बुरशी आली. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीनं सांगितलं की दूध घालणाऱ्या प्रत्येक घरातून एका बाईनं पांढरीची माती आणायची. दोन दिवसांचं काम.

मुलगी सुट्टीला आलेली होती. हे ऐकल्यावर ती टेकाडाला गेली. मी मागून गेले, कारण तिच्या हातात माझा पाण्याचा तांब्या होता.

तिच्याकडे गवंड्याच्या थापीसारखी एक लहान, टोकदार थापी होती. तिनं जाऊच्या खाणीच्या वरची कड त्या थापीनं खरडून सपाट केली. मग तांब्यातलं पाणी ओंजळीनं त्या कडेवर मारलं.

मी म्हणाले, "टँकरचं पाणी मातीला पाजतीस? लाज वाटती का?"

"बघ तरी."

पाणी पडल्यावर त्या कडेवर रंग आले. मी जन्मभर तिथं माती काढली होती, पण ते कधी बघितलं नव्हतं. खाली पांढरा पट्टा. त्यावर हातभर काळी राख. त्यावर लाल भाजकी माती, त्यावर परत पिवळी, घट्ट. तिनं थापीच्या दांड्यानं ठोकून दाखवलं. पिवळी माती टणटण वाजायची. राखेवर ठोकलं तर आवाजच नाही, दांडा आत जायचा.

"ही राख म्हणजे भुसा समज," ती म्हणाली. "वर सगळं जड हाय. तुमी राखेच्या खालचं काढून घेतलंय. आता ही कड कशावर उभी हाय सांग."

मग तिनं मला टेकाडावर नेलं. वर जमिनीला भेग पडलेली होती. कडेला समांतर, लांबच लांब. तिनं त्यात हाताची बोटं घातली. दोन वर्षं पाणी नाही म्हणून माती आवळली होती, असं ती म्हणाली. एवढी कड उभीच्या उभी खाली येणार.

खाली आल्यावर तिनं फूटपट्टी लावून सगळ्या खाणी मोजल्या आणि वहीत चित्र काढलं. ती म्हातारी तिथं होतीच. तिनं विचारलं, "काय लिवती गं?"

"तुमची खाण किती आत गेली ते लिहिते, आजी. बारा फूट हाय. आता नका जाऊ आत. खणायचं तर वरून खणा, पायऱ्या पायऱ्यांनी."

"माझी सासू हितंच खणायची. तिची सासूबी. त्यांच्या अंगावर न्हाई पडली ती माझ्या अंगावर कावून पडंल?"

"कारण तुमच्या सासूनं दोनच फूट खणलं असंल."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "पोरी, तुला मेलेल्या लोकांची लई माहिती हाय. जित्यांचं आमी बघतो."

मुलीनं सेक्रेटरीलाही सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या कालेजाला माळवद हाय का? आणि तिथं बसलेली माणसं हसली. मग ती माझ्याकडे आली. म्हणाली, "माय, माझं कोणी ऐकणार न्हाई. तू सांग बायकांना. तुझं ऐकतात."

मी म्हणाले, सांगते.

मी सांगितलं नाही. त्याला मोठं कारण नाही. पहाटे उठून टँकरच्या रांगेत हंडे लावायचे, मग म्हैस, मग भाकरी, मग तलावाचं काम, परत आल्यावर परत पाणी. बायकांना गोळा करायचं, त्यांना समजावायचं, त्यांचं हसणं ऐकायचं, मग त्या विचारणार की वरून खणायला दुप्पट वेळ लागतो तो कोण देणार, त्याला उत्तर द्यायचं. माझ्यात ते त्राण नव्हतं. उद्या सांगू म्हणत आठ दिवस गेले. मी विसरले असंही म्हणता येत नाही. रोज आठवायचं. ठरलेल्या दिवशी मी पाटी घेऊन सगळ्यांबरोबर गेले, आणि मी स्वतः आत शिरले नाही. कंबर दुखते म्हणाले आणि बाहेर पाट्या उचलायला उभी राहिले. हे मी आजवर कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

तर ढीग पडला. आम्ही बायका हातांनी उकरायला लागलो. उकरलं की वरून तेवढंच परत घसरत होतं. कोणी तरी तलावाकडं पळालं, कोणी माझ्या मुलीला बोलवायला टँकरच्या रांगेत. पुरुष आधी आले. टिकाव, फावडी घेऊन वीस-पंचवीस जण. अर्धे खाली उकरायला लागले आणि अर्धे वर चढले, वरून माती ढकलायची म्हणून. भेगेच्या अलीकडची कड अजून काही उभी होती. तिच्यावर ते उभे.

मुलगी आली ती ओरडतच आली. "वरचे खाली उतरा! आधी खाली उतरा! तुमच्या वजनानं उरलेली येईल!"

कोणी हललं नाही. मग तिनं एक ढेकूळ उचललं आणि वर फेकून मारलं. ते एका बाप्याच्या पोटरीला लागलं. तेव्हा उतरले.

ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढरा झालेला, पण आवाज सरळ. "काकी कुठं बसली होती? तोंड कुणीकडं होतं?"

मी म्हणाले, "उजेडाकडं तोंड. डावा खांदा भिंतीला."

"बसली होती का ओणवी?"

"उकिडवी बसली होती."

"काकीची खाण सात फूट. आजीची बारा." तिनं हे बोटानं हवेत मोजल्यासारखं केलं. मग ढिगाच्या एका अंगाला गेली आणि थापीनं माती खरडून बघायला लागली. मला वाटलं ही वेडी झाली. माणसं मेली आणि ही अजून माती बघते आहे. नंतर तिनं मला समजावलं. पडलेल्या मातीत सगळे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. न पडलेल्या मातीत पट्टे तसेच असतात. दोन्ही जिथं भेटतात ती जुन्या खाणीची भिंत. भिंत सापडली की त्या भिंतीला धरून आत जायचं, म्हणजे माणूस सापडतो आणि वरचं पडतही नाही. तिच्या विषयातले लोक जुने खड्डे असेच शोधतात.

तिला भिंत सापडली. तिनं सोसायटीच्या खोलीतून पेंडीच्या पोत्यांखालच्या फळ्या आणायला लावल्या आणि कडेला टेकू दिला. चार माणसं तिनं निवडली. टिकाव कोणालाच वापरू दिला नाही. हातानं माती काढायची, पाटीत भरायची, मागं द्यायची.

म्हातारीचा पुतण्या तिथं होता. तो म्हणाला, "आमची म्हातारी बी आत हाय. तुमच्याच वस्तीची आधी कावून?"

"आजी अजून पाच फूट आत हायेत. काकीच्या जागेवरूनच तिथं जायला वाट हाय."

"वाट काय बघायची? समोरून फोडा की!" असं म्हणून त्यानं दोघांना घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं टिकाव मारायला सुरुवात केली. मुलीनं त्याला हात जोडले. त्यानं ऐकलं नाही. थोड्या वेळानं त्याच्या बाजूला वरून परत माती आली. तो मागं उडी मारून वाचला, पण म्हातारीच्या डोक्यावरचा ढीग आणखी वाढला. मी त्याला दोष देत नाही. माझी म्हातारी असती तर मीही टिकाव मारला असता.

माझी मुलगी पोटावर झोपून आत गेली होती. फक्त पाय दिसत होते. पायात चप्पल नव्हती. मी तिथं बसून पाट्या घेत होते आणि तिच्या टाचांकडे बघत होते. उरलेली कड आता आली तर दोघी जातील, हे मला तिच्यामुळंच कळत होतं. आधी कळत नव्हतं तेव्हा बरं होतं.

आतून ती म्हणाली, "कापड लागलं."

बाहेर सगळे ओरडले, "धरून ओढ! लुगडं धरून ओढ!"

"ओढायचं न्हाई. कोणी हात लावू नका."

तिनं थापीही बाजूला टाकली आणि नुसत्या बोटांनी माती काढायला लागली. पाटीत येणारी माती आता मूठ मूठ यायला लागली. माणसं चिडली. एक म्हणाला, ही काय बाळंतपण करती का? मलाही वाटलं, एवढं सावकाश का? पण ती आधी डोक्याकडं गेली. केसांवरची माती, मग कपाळ, मग नाक. बोट घालून तोंडातली माती काढली. मग पायाकडं न जाता छातीवरची माती काढली. दोन्ही अंगांनी, सारखी सारखी, म्हणजे एका बाजूनं दाबलं जाणार नाही. मग हात. पाय सगळ्यात शेवटी. सांगाडा काढताना हेच करतात, हाडाला धक्का न लावता भोवतीची माती आधी मोकळी करायची, असं तिनं नंतर सांगितलं. फक्त तिथं चार दिवस लागतात आणि हातात ब्रश असतो.

जाऊनं पडताना उजवा हात कोपरात वाकवून तोंडासमोर धरला होता. हातावर पदर. त्या कोपराच्या आत मूठभर हवा राहिली होती.

छाती मोकळी झाल्यावर आतून खोकल्याचा आवाज आला. मी ओळखला. तो खोकला मी पंधरा वर्षं चुलीजवळ ऐकत होते आणि त्याचा मला वैताग यायचा.

तिला फळीवर घेऊन बाहेर काढलं. डोळे मातीनं भरलेले. ती पहिलं म्हणाली, "अक्का, म्हातारी बोलत होती गं. आत्ता आत्ता बोलत होती."

मुलगी परत आत गेली. ह्या वेळी पुतण्यानं तिचं ऐकलं. तिच्या मागं तोच पाट्या भरत होता. म्हातारी दिवस मावळायच्या आत सापडली. तीही बसलेलीच होती, हातात खुरपं. तिचीही माती माझ्या मुलीनं तशीच काढली, आधी डोकं, मग छाती, मग हात. कोणी घाई कर म्हणालं नाही. तिचं तोंड पुसून मगच बाहेर दिलं.

जाऊला दुधाच्या टेंपोत घालून बीडला नेलं. दुष्काळामुळं टेंपोत कॅन कमीच होते, जागा झाली. दोन बरगड्या आणि मांडीचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी अंगणात बसून नखांतली माती काढत होती. मी तिच्यासमोर चहा ठेवला.

ती म्हणाली, "माय, तू सांगितलं होतंस ना सगळ्यांना?"

"न्हाई."

तिनं वर बघितलं. मला वाटलं भांडेल. मी भांडायला तयार होते, थकलेलं माणूस लवकर तयार होतं. तिनं चहा घेतला, कप धुवून पालथा घातला. सुट्टी दहा दिवस उरली होती, ती तिसऱ्या दिवशी लिंबागणेशच्या रस्त्यावर जाऊन एसटीत बसली. पुढच्या सुट्टीला आली तेव्हा नेहमीसारखी बोलली. ती गोष्ट तिनंही परत काढली नाही आणि मीही नाही.

सोसायटीच्या खोलीवर पुढं पत्रे टाकले. टेकाडाला कोणी जाईना. गावातली माळवदंही एकेक करून गेली. मुलीला त्या विषयात कायमची नोकरी कधी लागली नाही. कॉलेजात तासावर शिकवायची, मधे मधे खणायच्या कामावर जायची. लोक मला विचारतात, एवढं शिकून काय मिळालं? मी पूर्वी उत्तर द्यायचे. आता देत नाही. कोणाला उत्तर हवं असेल तर चार घरं पलीकडं माझी जाऊ राहते, एक पाय आखूड आहे, तिला विचारावं. ती बरंच जास्तीचं सांगेल, तेवढं वजा करायचं.

त्या दिवशी दोघी मातीखाली गेल्या होत्या. जाऊ जगली. म्हातारी नाही.